प्रश्न वाचकांचे: लांबचं विमान, अंतर आणि वेळेचा हिशेब

मुलं परदेशात आणि आईवडील नाशकात, अशी घरं आता प्रत्येक कॉलनीत आहेत. त्यामुळे या सदराकडे येणाऱ्या पत्रांत विमानाच्या वेळांबद्दलचे प्रश्न वाढले आहेत. बहुतेक पत्रं ‘अंतर किती?’ इथून सुरू होतात, पण अडचण निघते ती घड्याळाची, वाऱ्याची नाहीतर कसारा घाटाची.

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीहून जानेवारीत येते आहे. तिकिटावर शुक्रवारी रात्री ११ ला निघून रविवारी रात्री १२.३० ला मुंबईत, असं छापलंय. हे साडेपंचवीस तास होतात. ती म्हणते, प्रवास पंधरा तासांचा आहे. खरं काय? (गंगापूर रोड)

मुलीचं बरोबर आहे. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. म्हणून दोन वेळांची थेट वजाबाकी करू नका, आधी दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेदहा तास असतं. तिथे शुक्रवारचे रात्रीचे ११ वाजतात, तेव्हा इथे शनिवारचे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. त्यात १५ तास मिळवा, रविवारचे ००.३० येतात.

आता गाडीचं. ‘रविवारी रात्री साडेबारा’ हे आपण बोलताना शनिवारची रात्रच समजतो. ड्रायव्हरला ‘रविवारी रात्री’ सांगितलंत, तर तो चोवीस तास उशिरा पोहोचेल. त्याला ‘शनिवारी संध्याकाळी नाशिकहून निघायचं’ असंच सांगा. तिला स्वतःला मुंबईहून परत जातानाही हाच घोळ होतो: १५ तारखेच्या ०२.३० च्या विमानासाठी घर १४ तारखेला सोडावं लागतं. विमान चुकण्याच्या कारणांत हे कारण फार वरचं आहे, आणि शिकलेसवरलेलेही यात सापडतात.

साडेदहा तासांचा फरक मात्र वर्षभर टिकत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. म्हणजे उन्हाळ्यात फरक साडेनऊ तास. ब्रिटन आणि युरोपात हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, त्यामुळे लंडनचा फरक हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास. सिडनीचं उलट: तिथे उन्हाळी वेळ ऑक्टोबर ते एप्रिल, आणि त्या काळात सिडनी आपल्यापुढे साडेपाच तास असतं, एरवी साडेचार. दुबईत हा प्रकारच नाही, कायम दीड तास मागे. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रवास असेल, तर मागच्या महिन्यात पाठ केलेला फरक वापरू नका.

प्रश्न: आठवी-नववीच्या मुलांकडून दोन शहरांमधलं हवाई अंतर काढून घ्यायचं आहे. नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं उत्तर दर वेळी चुकतं. सोपी रीत सांगाल का? (एक शिक्षिका, पंचवटी)

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवूच नका. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, आणि कागदावरची सरळ रेघ जमिनीवरची सर्वांत जवळची वाट राहत नाही. शाळेतला पृथ्वीगोल काढा. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलाचा परीघ सुमारे ९४.२ सेंटीमीटर भरतो आणि पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटीमीटर जवळपास ४२५ किलोमीटरचा. दोरा मुंबईवर धरा, दुसरं टोक लंडनवर नेऊन ताणा. १७ सेंटीमीटर आले की उत्तर सव्वासात हजारांच्या आसपास. दोरा न ताणणाऱ्या सुताचा घ्या. रबरबँड घेतला की मापाचं वाटोळं.

हाच दोरा मुंबई ते न्यूयॉर्क ताणायला सांगा. मुलांना वाटतं तो अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असा पश्चिमेला जाईल. प्रत्यक्षात तो मुंबईतून उत्तर-वायव्येला निघतो आणि ६५ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ आर्क्टिक वृत्ताला जाऊन, मग खाली वळतो.

दहावीपुढच्या मुलांसाठी सूत्र आहे. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचं हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.३२ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७ × ०.७८२ = ०.२५६. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशाच्या फरकाचा कोसाइन, तिन्हींचा गुणाकार: ०.९४५ × ०.६२३ × ०.२८७ = ०.१६९. बेरीज ०.४२५. याचा उलटा कोसाइन ६४.८५ अंश. प्रत्येक अंश १११.२ किलोमीटरचा, म्हणून अंतर ७,२११ किलोमीटर. अंशांना ६० ने गुणलं तर नॉटिकल मैल मिळतात (३,८९१). एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा आणि साधा मैल १.६०९ चा. वेबसाइटवर ‘मैल’ दिसला की आधी कोणता ते बघा, दोघांत पंधरा टक्क्यांचा फरक आहे.

चुका ठरलेल्या दोन. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर राहतो आणि उत्तर भलतंच येतं. दुसरी जास्त फसवी: पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचं राहतं. न्यूयॉर्क ७३.७८ पश्चिम आहे. चिन्ह विसरलं की ७२.८७ आणि ७३.७८ यांत एक अंशाचाही फरक उरत नाही आणि न्यूयॉर्क मुंबईपासून २,४०० किलोमीटरवर येऊन बसतं! बरोबर केलं तर फरक १४६.६५ अंश आणि अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्याने या सूत्रात अर्ध्या टक्क्यापर्यंतचा फरक राहतो, शाळेला तेवढा चालतो.

प्रश्न: मुंबई-लंडन जाताना दहा तास आणि येताना नऊ, असं का? पृथ्वी फिरते म्हणून का? (प्रेसमधून निवृत्त, नाशिकरोड)

पृथ्वी फिरते म्हणून नाही. पृथ्वीसोबत तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यात तुम्ही इंजिनाकडे चाला की गार्डाच्या डब्याकडे, पावलं सारखीच पडतात, तसंच हे.

कारण वाऱ्याचं आहे. मध्य अक्षांशांवर साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो, आणि मोठी विमानं नेमकी त्याच उंचीवर उडतात. हिशेब करून पाहा. हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर. वाटेत सरासरी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग ८५०, पाठीमागून आला तर ९५०. ७,२०० किलोमीटरला पहिल्या वेगाने साडेआठ तास लागतात, दुसऱ्याने सात तास पस्तीस मिनिटं. तुमचा तासभर इथे गेला. न्यूयॉर्कच्या वाटेवर तर जाण्यायेण्यात तास-दीड तासाचा फरक पडतो. (पावसाळ्यात भारताच्या दक्षिण भागावर खूप उंचावरचा वारा उलटा, पूर्वेकडून वाहतो. पण लंडनच्या वाटेचा तो छोटासाच तुकडा.)

वेळापत्रकातली वेळ ही हवेतली वेळही नव्हे. विमान जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहीपर्यंतचा सगळा काळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, वर थोडी गंगाजळी. म्हणून उशिरा सुटलेलं विमान पुष्कळदा वेळेवर पोहोचतं.

घरबसल्या अंदाजासाठी आम्ही हे सुचवतो: किलोमीटरना ८०० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. दुबई १,९३० किलोमीटर, उत्तर सव्वातीन तासांच्या आत. लंडन पावणेदहा तास. न्यूयॉर्क साडेसोळाच्या आत. पूर्वेकडे येताना लंडनला तासभर आणि न्यूयॉर्कला तास-दीड तास वजा करा. हा अंदाज अर्ध्या तासाने इकडेतिकडे होईल, दोन तासांनी नाही. दोन तासांचा फरक दिसला तर विमान मध्ये कुठेतरी थांबतंय असं समजा.

प्रश्न: जगातलं सर्वांत लांबचं विमान कोणतं? (विद्यार्थी, सिडको)

सिंगापूर ते न्यूयॉर्क, सुमारे १५,३४० किलोमीटर, वेळापत्रकात साडेअठरा तासांच्या वर. त्यासाठी वापरलेल्या एअरबस ए३५० च्या खास प्रकारात १,६५,००० लिटर इंधन मावतं आणि खुर्च्या फक्त १६१ आहेत, त्यात साधा इकॉनॉमी वर्ग नाहीच. कारण इतक्या लांब जायचं तर बरंचसं इंधन पुढचं इंधन वाहून नेण्यातच जळतं, मग माणसं आणि माल कमी करावा लागतो.

प्रश्न: सूत्राने लंडन ७,२०० किलोमीटर येतं, पण विमानातल्या पडद्यावर त्याहून कितीतरी जास्त दिसलं. एकाच दिवशी दोन कंपन्यांच्या वेळाही वेगळ्या. विमान वाट चुकतं की काय? (सिन्नर)

चुकत नाही, वळसा घेतं. मुंबई-लंडनची सर्वांत छोटी रेघ आखली तर ती पाकिस्तान, इराण, कास्पियन समुद्राचं दक्षिण टोक, काळा समुद्र आणि युक्रेन अशी जाते. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. रशियाने त्याच वर्षी युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना हद्द बंद केली, भारतीय कंपन्यांना नाही. उलट पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना बंदी घातली आणि ती मुदत महिन्यामहिन्याने वाढवत नेली, तर बाकीच्या देशांची विमानं तिथून जात राहिली. (२०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै मात्र पाकिस्तानची भारताकडची हद्द बहुतेक सगळ्याच देशांच्या विमानांना बंद होती.) त्यामुळे एकाच मार्गावर दोन कंपन्यांना दोन वेळा लागतात, यात नवल नाही.

याचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीला जास्त. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने निघतं आणि वळसा थोडक्यात भागतो. दिल्लीच्या विमानाला आधी राजस्थान-गुजरातवरून खाली समुद्रापर्यंत यावं लागतं, मग पश्चिमेला. बंदी आली तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही भारतीय विमानांना युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं होतं.

उत्तरेला दुसरी अडचण हिमालयाची. शिखरांवरून उडणं कठीण नाही. पण विमानातला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला काही मिनिटांत १०,००० फुटांवर उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. तिबेटचं पठारच त्याहून उंच, मग उतरायचं कुठे? म्हणून विमानं शक्यतो ते पठार टाळतात.

तिकीट काढताना याचा उपयोग एवढाच: अंतराच्या साइटवरचा आकडा धरू नका. त्या आठवड्यात तेच विमान प्रत्यक्षात किती वेळ घेतंय ते विमानांचा माग दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपवर, विमान क्रमांक टाकून, मागचे सात-आठ दिवस बघा. खरं उत्तर तिथे मिळतं.

प्रश्न: अमेरिकेला जायचंय. नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली आणि तिथून पुढे जाणं बरं, की सरळ गाडीने मुंबई? दिल्ली म्हणजे उलटा फेरा ना? (इंदिरानगर)

अंतराने पाहिलं तर उलटा फेरा नाही. ओझर-दिल्ली हवाई अंतर सुमारे ९९० किलोमीटर, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को १२,४०० च्या आसपास. बेरीज १३,४०० च्या आत. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को १३,५००. म्हणजे फेरा शून्य. न्यूयॉर्कलाही दोन-अडीचशे किलोमीटरचाच फरक. तेव्हा अंतर बाजूला ठेवा, निर्णय दुसऱ्या गोष्टींवर करा.

मुंबईचा रस्ता आधी घेऊ. विमान १५ तारखेच्या पहाटे अडीचचं धरा. आंतरराष्ट्रीय काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, काही कंपन्यांचा सव्वा तास आधी. सामान, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणीची रात्रीची गर्दी धरून साडेतीन तास हवेत, म्हणजे १४ तारखेला रात्री ११ ला टर्मिनलच्या दारात. नाशिकहून सुमारे १७० किलोमीटर. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण आमण्याच्या पुढे भिवंडी बायपास, ठाण्यातला माजिवडा आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड तसेच आहेत. घाटात वाचवलेला पाऊण तास माजिवड्याला परत द्यावा लागतो. एरवी चार तास धरा, पावसाळ्यात आणि रविवारी संध्याकाळी साडेपाच. रविवारी शिर्डी, त्र्यंबक, इगतपुरीची सगळी गर्दी मुंबईकडे परतत असते. म्हणजे साडेपाचला घर सोडायचं. लग्नसराईत पाच.

जोडून पाहा: रस्ता साडेपाच तास, विमानतळ साडेतीन, विमान सोळा, पलीकडे इमिग्रेशन आणि सामान दीड. साडेसव्वीस तास. नाशिक-मुंबई हा तुकडा अंतराच्या दीड टक्काही नाही आणि वेळेचा पाचवा हिस्सा खातो. सकाळच्या पंचवटीने दादरला उतरूनही जाता येतं, पण दोन-दोन मोठ्या बॅगा आणि सोबत वयस्क माणूस असेल तर आम्ही सुचवणार नाही.

ओझरचं गणित एका प्रश्नावर अवलंबून आहे: दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर आहेत का? असतील तर ओझरला दिलेली बॅग सहसा थेट शेवटच्या गावचा टॅग लावून जाते (टॅगवरचं अक्षरांचं चिन्ह तिथेच वाचून घ्या), आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय कंपनीने करायची. मधे चार तास ठेवा. दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिल्याचा उशीर ही दुसऱ्या कंपनीची जबाबदारी नाही. तुम्ही हजर नाही म्हणून ती तिकीट रद्द धरते, आणि त्याबरोबर परतीचा भागही जातो. असं तिकीट काढलंच असेल तर आदल्या दिवशी दिल्ली गाठा. आणखी एक: देशांतर्गत विमान दिल्लीत टर्मिनल १ वर उतरत असेल, तर आंतरराष्ट्रीय विमानांच्या टर्मिनल ३ ला रस्त्याने जावं लागतं. त्याला तासभर वेगळा.

परत येताना नियम बदलतो, आणि इथेच लोक गडबडतात. भारतातल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम होतं. टॅगवर नाशिक लिहिलेलं असलं तरी सहसा दिल्लीत पट्ट्यावरून बॅग उचलायची, कस्टममधून बाहेर काढायची आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायची. उचलली नाही तर बॅग दिल्लीत आणि तुम्ही ओझरला.

आमचं मत: एकाच तिकिटावर जमत असेल आणि दिल्लीतला थांबा चार ते सहा तासांचा असेल, तर ओझर. जमत नसेल, तर गाडीने मुंबई. निव्वळ दोन-तीन हजार रुपये वाचतात म्हणून वेगळी तिकिटं जोडू नका. आणि हिवाळ्यात, डिसेंबरअखेर ते जानेवारीत, दिल्लीच्या सकाळच्या धुक्याला धरून चाला. त्या दिवसांत मुंबईच बरी.

प्रश्न: ‘डायरेक्ट’ तिकीट घेतलं तरी विमान मध्ये दोन तास थांबलं. फसवणूक का? (दिंडोरी)

नाही. ‘डायरेक्ट’मध्ये विमान क्रमांक एकच राहतो, पण ते वाटेत उतरू शकतं. मध्ये कुठेही नको असेल तर ‘नॉनस्टॉप’ शोधा आणि थांब्यांच्या रकान्यात शून्य आहे ना बघा.

प्रश्न: आईला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. सोळा तासांच्या विमानात डोसची वेळ भारतीय घड्याळाने धरायची की तिथल्या? (सातपूर)

डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. त्यांच्याकडे जाताना ‘अमेरिकेला चाललोय’ एवढंच सांगू नका. एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: घर सोडण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ (दोन्ही भारतीय घड्याळाने), आणि तिथल्या घड्याळाचा फरक. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, येताना आखडतो, त्यामुळे जाण्याचं आणि येण्याचं वेळापत्रक वेगळं लागतं. दोन्ही लिहून घ्या. इन्सुलिन कधीही खालच्या सामानात टाकू नका, तिथे ते गोठून निकामी होण्याचा धोका असतो. हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा, आणि सुया-पट्ट्या दुप्पट घ्या. मधुमेहींचं जेवण आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, काउंटरवर नाही. विमानातलं जेवण उड्डाणानंतर तास-दीड तासाने येतं, तेव्हा ताट समोर येईपर्यंत जेवणाआधीचं इंजेक्शन घ्यायचं नाही, आणि खिशात साखर किंवा बिस्किटं ठेवायची.